५.४०च्या विमानाने माझ्या मुलीला परत पाठवू नये

प्रति,
मा. स्थानक व्यवस्थापक,
विमान कंपनीचे विमानतळ कार्यालय,
आगमन कक्षाच्या वर, पहिला मजला, खोली क्र. ६.

दि. १९ जून, मंगळवार. अर्ज लिहायला सुरुवात : दुपारी ३.५५

विषय : एकटीने प्रवास करून आलेली माझी नऊ वर्षांची मुलगी आज सायंकाळी ५.४०च्या विमानाने परत न पाठवता माझ्या ताब्यात देण्याबाबत. (विमानाचे दार ५.१५ला बंद होते.)

संदर्भ : १) एकट्या बालकाच्या सोपवणुकीचा आजचा फॉर्म, अनुक्रमांक १७.
२) आपल्या कंपनीची नियमपुस्तिका, प्रकरण ‘एकट्याने प्रवास करणारी बालके’, कलमे ४(ख), ७, ९ आणि ११.

महोदय,

१. आपल्या आवक टेबलावरील लिपिकाने मला लिहून दिले आहे की अर्जाचे उत्तर कामकाजाच्या सात दिवसांत मिळते. माझ्याजवळ एक तास वीस मिनिटे आहेत. म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांत आधी लिहितो. ज्या शहरात माझ्या मुलीला परत पाठवले जात आहे, तिथे तिला उतरवून घ्यायला कोणीही नाही. तिथले तिचे घर रविवारी रिकामे झाले. तिला विमानात बसवून देणारी तिची मावशी या क्षणी दुसऱ्या विमानात आहे आणि रात्री दहापर्यंत तिचा फोन बंद राहील. मुलीचे या जगात दोनच माणसांचे घर आहे. त्यातले एक आकाशात आहे आणि दुसरे आपल्या मुलांच्या खोलीच्या दारासमोर, तिसऱ्या खुर्चीवर बसून हा अर्ज लिहीत आहे.

२. मी जन्मापासून बहिरा आहे आणि बोलत नाही. एका दैनिकात सव्वीस वर्षे मुद्रितशोधक आहे. इतरांनी लिहिलेले छापण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढणे, हे माझे काम. आपली नियमपुस्तिका काउंटरवर दोरीने बांधलेली होती. ती मी आज दोनदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे, तळटीपांसह. या अर्जात कलमांचे जे आकडे आहेत ते पुन्हा तपासायला आपला वेळ घालवू नये, ते बरोबर आहेत.

३. मुलीची आई, तीही बहिरी होती, चौदा महिन्यांपूर्वी वारली. मुलीला ऐकू येते. त्या वेळी माझी पाळी रात्रीची होती. नऊ वर्षांच्या, आणि तेव्हा तर आठही न झालेल्या मुलीला रात्रभर घरात एकटे ठेवणे शक्य नव्हते. मेहुणी म्हणाली, ‘भाऊजी, तुमची पाळी बदलेपर्यंत माझ्याकडे राहू दे, नंतर मी स्वतः आणून देईन.’ पाळी बदलायला तेरा महिने लागले. या महिन्याच्या एक तारखेपासून मी दिवसपाळीत आहे, कार्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे. तोपर्यंत मेहुणीला परदेशी नोकरी लागली होती आणि रुजू होण्याची तारीख तिच्या हातात नव्हती. स्वतः आणून देणे तिला जमले नाही. तिने आपल्या कंपनीचे तिकीट काढले, कारण आपल्या जाहिरातीत हातात हात घालून चालणाऱ्या बाई आणि मूल आहे, आणि खाली लिहिले आहे की तुमचे मूल ते आमचे मूल.

४. आता फोनबद्दल. सगळा घोटाळा तिथे आहे, आणि तो आमच्यासारख्या घरातच होऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या घरात दोन फोन आहेत. एक माझ्या खिशात असतो, त्याच्यावर मी संदेश लिहितो आणि वाचतो. त्याची घंटी कायम बंद असते. दुसरा फोन बोलण्याचा. तो माझ्याच नावावर आहे, पण पाच वर्षांची झाल्यापासून तो मुलीकडे असतो. बँक, शाळा, गॅसवाला, दवाखाना, घरमालक, सगळ्यांकडे माझा म्हणून तोच नंबर आहे. फोन आला की मुलगी म्हणते, ‘हॅलो, बाबांच्या वतीने बोलते.’ मग ऐकते, माझ्याकडे वळून खुणांनी सांगते, माझे उत्तर खुणांनी घेते आणि फोनवर सांगते. माझे उत्तर काय असणार हे तिला माहीत असेल, तर वळतही नाही. गॅस एजन्सीचा माणूस तिला वहिनी म्हणतो. एकदा त्याने विचारले होते, ‘वहिनी, साहेब घरी कधी असतात?’ आणि ती म्हणाली होती, ‘साहेब झोपलेत, तुम्ही सिलिंडर दारात ठेवा, वाजवू नका.’ वाजवले असते तरी मी उठलो नसतो, पण तिला तसेच सांगायची सवय आहे.

ती मावशीकडे राहायला गेली तेव्हा तो फोन तिच्यासोबत गेला. माझ्याकडे ठेवून उपयोग काय होता? माझ्या शहरातले फोन दुसऱ्या शहरात तिच्याकडे येत राहिले आणि ती मला संदेश पाठवत राहिली. ‘बाबा, पाण्याची टाकी उद्या धुणारेत, आज भरून ठेवा.’ गेले चौदा महिने माझे घर असे चालले आहे.

५. आपल्या फॉर्ममधील रकाना क्र. ६ असा आहे : ‘बालकास घेण्यास येणाऱ्या व्यक्तीशी ज्यावर बोलता येईल असा दूरध्वनी क्रमांक.’ मेहुणीने तो रकाना प्रामाणिकपणे भरला. माझ्याशी ज्यावर बोलता येते, असा नंबर एकच आहे. तोच तिने लिहिला. तो त्या वेळी मुलीच्या पाठीवरच्या दप्तरात, पुढच्या कप्प्यात होता, हे तिच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नसते.

६. यानंतरची हकीकत मी तिन्ही बाजूंच्या कागदांवरून लावली आहे : मेहुणीचे संदेश, आपल्या फॉर्मवरचे शेरे आणि मुलीचा जबाब (मुद्दा ११). उरलेले मुलीने काचेतून खुणांनी सांगितले.

सकाळी १०.३५ला मेहुणीने मुलीला तिथल्या काउंटरवर सोपवले. १०.४१ला मला संदेश आला : ‘भाऊजी, दिली ताब्यात. पोरगी रडली नाही, मीच वेड्यासारखी रडले. दीडच्या आत खाली उतरेल. माझं विमान १.१०चं, नंतर नऊ तास मी नाही. नीट घेऊन जा हं. आणि तिच्यासमोर बावळटासारखे डोळे पुसत बसू नका.’

१०.५८ला आपल्या तिथल्या कर्मचारी बाईंनी कलम ४(ख)नुसार, म्हणजे घेणाऱ्याची तोंडी खात्री करून घेण्यासाठी, रकाना ६मधील नंबर लावला. तो त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलेल्या मुलीच्या दप्तरात वाजला. मुलीने उचलला. बाईंनी विचारले, ‘दुपारी छोट्या पाहुणीला घ्यायला येणार ना?’ मुलगी म्हणाली, ‘हो, नक्की येणार, त्यांना उशीर होत नाही.’ बाईंनी फॉर्मवर लिहिले : ‘संपर्क झाला. महिला. होकार.’

समोरच बसलेल्या बाई फोनवर बोलताना मुलीला दिसत होत्या का, असे आपल्या पर्यवेक्षकांनी तिला विचारले. तिचे उत्तर जबाबात आहे : ‘काकू समोरच होत्या. पण फोन आला की फोनवरच बोलायचं असतं.’

७. मी इथे १२.१०ला पोचलो. विमान १.२५ला उतरले. १.४०ला मुलगी आपल्या एका कर्मचाऱ्याचा हात धरून मुलांच्या खोलीत आली. खोलीला काच आहे, त्यामुळे मला ती दिसली. वर्षभरात चांगली चार बोटे उंच झाली आहे. तिने मला पाहिले. मी कलम ७प्रमाणे मूळ ओळखपत्र काउंटरवर दिले. नाव, जन्मतारीख, फोटो, सही, चारही गोष्टी फॉर्मशी जुळल्या. निळा रुमाल बांधलेल्या मुलीने, म्हणजे आपल्या काउंटरवरच्या कर्मचारी ताईंनी, माझ्या वहीत पुढीलप्रमाणे लिहिले. मी बहिरा आहे हे कळल्यावर त्यांनी अक्षरे खूप मोठी काढली आहेत, त्यामुळे दोन पाने लागली.

‘काका, आयडी बरोबर आहे. पण फोनवर बाई बोलल्या होत्या. त्या कुठेत?’
मी लिहिले, ‘कोणत्या बाई?’
‘तेच तर मी तुम्हाला विचारतेय.’
‘माझी पत्नी हयात नाही. घरात दुसरी बाई नाही.’
‘मग हो कोण म्हणालं?’

त्या वाईट नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. मग त्यांनी खात्रीसाठी तो नंबर पुन्हा लावला. मला घंटी ऐकू आली नाही. पण काचेपलीकडे मुलीने दप्तर उघडून फोन कानाला लावलेला मला दिसला, आणि काचेच्या अलीकडे ताईंनी फोन कानाला लावलेला दिसला. दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे पाहिले. इतकी वर्षे मी लोकांचे चेहरे बघून बोलणे ओळखत आलो आहे. ताईंना त्या क्षणी सगळे समजले होते. त्यांना हसू आले होते. त्यांनी मुलीला घेऊन बाहेर यायला दाराला हातही लावला होता.

तेवढ्यात पर्यवेक्षक आले.

८. पर्यवेक्षक मोठ्याने बोलतात. ते मला त्यांच्या मानेच्या शिरांवरून कळते. मी वही पुढे केली तेव्हा त्यांनी ती पाच मिनिटे घेतली नाही आणि बोलत राहिले. नंतर लिहिले :

‘बालकाने पालक असल्याचे भासवून कंपनीची दिशाभूल केली आहे.’
मी : ‘ती पालक आहे असे म्हणाली नाही. बाबांच्या वतीने बोलते, असे म्हणाली.’
‘एवढी हुशार पोरगी, तिला नियम कळत नाही?’
मी : ‘तिने नियम वाचलेला नाही. ती नऊ वर्षांची आहे.’
‘मग तोंडी खात्री कोणी दिली? कोणीच नाही. म्हणजे ४(ख) पूर्ण नाही. ४(ख) पूर्ण नाही म्हणजे फॉर्म रद्द. फॉर्म रद्द म्हणजे तिला विमानात घ्यायलाच नको होतं.’
मी : ‘पण घेतले. ती समोर बसली आहे.’
‘म्हणूनच परत पाठवायची. कलम ९.’

साहेब, कलम ९ असे आहे की घेणारी व्यक्ती न आल्यास बालकास सोपवणाऱ्या व्यक्तीकडे पुढील विमानाने परत करावे. मी न आलेली व्यक्ती नाही. मी पाच तास आलेलो आहे म्हणणार होतो, पण अचूक लिहायचे तर या क्षणी तीन तास पंचावन्न मिनिटे.

९. मी तोंडी खात्री देऊ शकत नाही, कारण मला तोंडी काही देता येत नाही. मी लेखी देतो म्हणालो. त्यांनी लिहिले, ‘कलमात तोंडी हा शब्द आहे.’ मी माझ्या कार्यालयात संदेश पाठवला. आमच्या वृत्तसंपादकांनी आपल्या काउंटरवर फोन करून, हा माणूस कोण आणि मुलगी कोणाची ते सांगितले. त्यांना उत्तर मिळाले की बालकाविषयी त्रयस्थ व्यक्तीशी चर्चा करता येत नाही. मी म्हणालो, सोपवणारी व्यक्ती नंबर बदलून देऊ शकते ना? हो, पण तिने स्वतः फोन करून तसे सांगावे लागते. ती रात्री दहाला उतरेल. विमान ५.४०ला आहे.

ताईंनी कळवळून एक मार्ग सुचवला : अपंग प्रवाशांच्या मदत कक्षाकडे जा, त्यांच्याकडे सोय असते. मी गेलो. त्यांनी चाकांची खुर्ची आणली. मी पायांनी चालत आलो होतो हे सगळ्यांनी पाहिले होते. मी वहीत लिहिले, ‘मला चालता येते, ऐकू येत नाही.’ खुर्ची आणणाऱ्या माणसाने लिहिले, ‘साहेब, आमच्याकडे हीच आहे.’ त्याने असेही लिहिले की खुर्चीत बसलेल्या माणसाला आतल्या दारापर्यंत कोणी अडवत नाही. मी बसलो. मला त्याची लाज वाटत नाही. आतल्या दाराशी तिकीट मागितले. माझ्याकडे तिकीट नव्हते. मदत फक्त प्रवाशांसाठी असते. खुर्ची मला तिथे सोडून परत गेली आणि मी चालत इथे आलो.

१०. काचेबद्दल एक खुलासा. तो माझ्याविरुद्धच्या शेऱ्यात नोंदला आहे म्हणून.

आमच्या घरात हाक मारत नाहीत, खूण करतात. प्रत्येकाची एक खूण ठरलेली असते. मुलीची खूण म्हणजे कानाच्या पाळीला दोन बोटे दोनदा लावणे. आईने ती पाळण्यात ठेवली होती, कारण घरात ऐकणारी ती एकटी. मुलगी काचेआडून दिसल्यावर मी तिला हाक मारली. तिने उत्तर दिले. आम्ही काचेतून बोललो. त्यात गैर काही नव्हते. ती म्हणाली, भूक लागली नाही. ती म्हणाली, खिडकीची जागा मिळाली. मी विचारले, कान दुखले का? ती म्हणाली, उतरताना थोडे.

सुरक्षारक्षकाने पर्यवेक्षकांना सांगितले की हा माणूस वारंवार कानाला हात लावत आहे, त्याच्याकडे बोलण्याचे काही यंत्र असावे. माझे कान तपासले गेले. दोन्ही. त्यांत काही सापडले नाही. तरीही ‘बालकाशी सांकेतिक भाषेत विनापरवानगी संपर्क’ असा शेरा झाला आणि २.२०ला खोलीचा पडदा आतून ओढला गेला. तेव्हापासून मुलगी काय करते आहे, मला माहीत नाही. इतर बापांना पडद्याआडून आवाज तरी येतो.

११. ३.३०ला पर्यवेक्षकांनी मला एक कागद वाचायला दिला. तो मुलीचा जबाब आहे. अक्षर तिचे आहे. पूर्ण मजकूर देतो :

‘मी बाबांच्या जागी बोलले. काकू समोरच होत्या. पण फोन आला की फोनवरच बोलायचं असतं. असं चालत नाही हे मला माहीत नव्हतं. घरी चालतं. बाबांची चूक नाही. त्यांना ऐकूच येत नाही तर ते खोटं कसं बोलतील. तुम्ही म्हणता तशी मी परत जाते. पण बाबांना पोलिसांत देऊ नका.’

याखाली तिची सही आहे आणि त्याखाली पर्यवेक्षकांचा शेरा : ‘बालक परत जाण्यास स्वेच्छेने तयार आहे.’

पोलिसांचा उल्लेख तिच्यासमोर कोणी केला, हे या अर्जात मी विचारत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करीन. आत्ता फक्त कलम ११कडे आपले लक्ष वेधतो : ‘बालकाची सही, संमती अथवा निवेदन कोणत्याही कारणासाठी ग्राह्य धरले जाणार नाही.’ मी २.०५ला पर्यवेक्षकांना लिहिले होते की निदान मुलीला विचारा, बाहेर बसलेला माणूस तुझा कोण? त्यांनी हेच कलम दाखवले. बालकाने केलेली ओळख ग्राह्य नाही. ठीक आहे. मग त्याच बालकाने कागदाच्या तुकड्यावर दिलेली संमती ग्राह्य कशी? तिचा शब्द तिच्या बापाला ओळखायला पुरत नाही आणि तिला विमानात घालून परत पाठवायला मात्र पुरतो. मी सव्वीस वर्षे एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी मेळ घालण्याचे काम करतो. या दोन ओळींचा मेळ मला घालता आला नाही. आपण घालून दाखवावा.

१२. परत पाठवल्यावर पुढे काय, हे मी पर्यवेक्षकांना विचारले. वहीचे पान सोबत आहे.

मी : ‘तिथे घ्यायला कोणी नाही.’
‘सोपवणारी व्यक्ती घेईल. नियम आहे.’
मी : ‘ती परदेशी विमानात आहे.’
‘तो त्या स्टेशनचा प्रश्न.’
मी : ‘तिथे कोणी नसले तर ते तिला पुन्हा इकडे पाठवतील का?’
‘नवीन फॉर्म असेल तर.’
मी : ‘तो कोण भरणार?’
‘सोपवणारी व्यक्ती.’
मी : ‘ती नाही.’
‘मग बालगृह. एक-दोन दिवस. तुम्ही जाऊन कोर्टातून सोडवून आणा. लोक आणतात.’

लोक आणतात, हे खरे असेल. त्या लोकांना ऐकू येत असेल. मी त्या शहरात एखाद्या कचेरीच्या दाराशी वही घेऊन उभा राहीन आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस मला विचारील, सोबत बोलणारे कोणी आहे का? सोबत बोलणारी आत असेल.

१३. साहेब, मला माझी एक चूक मान्य करायची आहे, आणि ती आपल्या पर्यवेक्षकांनी शोधलेली चूक नाही. मूल बोलते आहे म्हणून मी गप्प राहत आलो. बँकेत, शाळेत, दवाखान्यात. तिच्या आईचा शेवटचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी मजकूर तिला सांगितला आणि तिने आम्हाला दोघांना सांगितला. सात वर्षांच्या मुलीने. ती एक वाक्यही चुकली नाही. त्या दिवशी मी वही काढायला हवी होती. डॉक्टरांना म्हणायला हवे होते की थांबा, माझ्याशी लिहून बोला. मी काढली नाही, कारण ती जवळ होती आणि ते सोपे होते. दिवसपाळी मी एवढ्यासाठीच मागितली होती की यापुढे तो फोन घरातून जावा, लोकांनी मला लिहावे, आणि तिने नऊ वर्षांच्या मुलीने फोनवर बोलावे तसले काहीतरी बोलावे, मैत्रिणीशी, तासन्‌तास, कामाचे काही नसलेले. आज तिला परत पाठवले तर तिला आयुष्यभर असे वाटत राहील की ती फोनवर बोलली म्हणून घर गेले. ही समजूत मला नंतर कोणत्याही अर्जाने दुरुस्त करता येणार नाही.

१४. तरी खालीलपैकी जे आपल्या अधिकारात असेल ते ५.१५च्या आत करावे, ही विनंती. उतरत्या क्रमाने लिहितो. मला कोणतेही चालेल.

(अ) कलम ७प्रमाणे माझे ओळखपत्र जुळले आहे, ते पुरेसे धरून मुलगी माझ्या ताब्यात द्यावी.

(आ) ते शक्य नसल्यास तिला इथेच ठेवावे. मेहुणी उतरून तिचा फोन येईपर्यंत. मी या खुर्चीवर बसून राहीन. पडदा ओढलेला राहिला तरी हरकत नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास मला त्याच विमानात जागा द्यावी. काउंटरच्या पडद्यावर अकरा जागा रिकाम्या दिसत आहेत. ज्याच्याविषयी वाद आहे अशी व्यक्ती बालकासोबत प्रवास करू शकत नाही, असे मला सांगितले गेले. मला तिच्याजवळची जागा नको. शेवटच्या रांगेतली चालेल. तिने मागे वळून पाहिले तर मी दिसावा, एवढ्या अंतरावर.

(ई) यातले काहीच होणार नसेल, तर तसे मला लेखी द्यावे आणि ते लिहिणाऱ्याने आपली सही करावी. आज दिवसभरात मला जी उत्तरे मिळाली त्यांतल्या एकाखालीही सही नाही.

मी आरडाओरडा केलेला नाही, तो मला करताही येत नाही. बाजूच्या काउंटरवर मघाशी एका गृहस्थांची बॅग हरवली होती. ते फार ओरडत असावेत, कारण सगळे तिकडे वळून पाहत होते. त्यांना वीस मिनिटांत वरच्या मजल्यावर आपल्याकडे नेण्यात आले. मी वरती आलो नाही, कारण आता दार सोडून उठलो आणि तेवढ्यात तिला बाहेर काढले तर मला ऐकू येणार नाही. म्हणून हा अर्ज ताईंच्या हाती पाठवत आहे. त्यांनी जेवणाची सुट्टी यासाठी दिली आहे. यावरून त्यांना बोल लागू नये.

आपल्या उत्तराची दारापाशी वाट पाहणारा,

(सही)
फॉर्म क्र. १७मधील बालकाचा पिता
मुद्रितशोधक, दैनिक वृत्तपत्र
संपर्क : मुलांच्या खोलीसमोर, तिसरी खुर्ची. कृपया फोन करू नये, माणूस पाठवावा.

सोबत :
१) ओळखपत्राची प्रत.
२) मुलीचा जन्मदाखला, पत्नीचा मृत्यूचा दाखला.
३) दिवसपाळीचे कार्यालयाचे पत्र.
४) मेहुणीचे १०.४१चे व त्याआधीचे संदेश, हाताने उतरवून.
५) वहीची चौदा पाने, मूळ. (मला परत नकोत.)

ता. क. (वेळ ४.३८) : अर्ज एकदा वाचून पाहिला. एक मजकूर राहिला होता, तो जोडतो. पडदा ओढण्याआधी मुलीने मला काचेतून विचारले होते, ‘अजून किती वेळ?’ मी दहा बोटे दाखवली. दहा मिनिटे. ती मान हलवून दप्तर पाठीला लावून उभी राहिली, तेवढ्यात पडदा आला. वरीलपैकी एकही विनंती मान्य होणार नसेल, तरी आत असलेल्या कोणीतरी तिच्याशी तोंडाने बोलून एवढे सांगावे : दहा मिनिटांचा आकडा बाबांचा चुकला, ते गेलेले नाहीत, आणि तू दप्तर काढून खाली बस.